स्टॉपरची जागा

मामाच्या घरी शिकायला राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी मला वाटलं की या घरात नक्की कोणाचं तरी कोणाशी बिनसलं आहे. मामा जेवायला बसले, मामीने ताट वाढलं, आणि दोघांच्या तोंडातून एक अक्षर निघेना. मामाने दोन बोटं जोडून उचलली, मामीने भाकर टाकली. मामाने पालथा हात ताटावरून फिरवला, मामीने चुनाचं, म्हणजे पिठल्याचं, भगुणं परत चुलीकडे नेलं. तिच्या बांगड्या वाजत होत्या तेवढ्याच. मी पारशिवनीकडचा, आमच्या घरी म्हशीलाही चार शब्द सुनावल्याशिवाय कोणी वैरण टाकत नसे. मनात म्हटलं, मेलो, आपल्यामुळेच झालं असेल हे, खाणारं एक तोंड वाढलं ना घरात. तीन-चार दिवसांनी उलगडा झाला की भांडणबिंडण काही नव्हतं. मामा मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर. शेकडो साचे एका छताखाली खडखडत असतात तिथे तोंडाने बोलून काडीचा उपयोग नसतो, सगळा कारभार हाताच्या खुणांनी चालतो. इतक्या वर्षांत मामाचे कान जवळजवळ गेले होते. नवऱ्याशी दिवसभर ओरडून बोलायचा मामीला कंटाळा आला, तेव्हा तिने सरळ त्याच्याच खुणा शिकून घेतल्या. चाळीतल्या निम्म्या घरांत असंच होतं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत माझी वळकटी, मामाचे बूट आणि भिंतीला टांगलेली सायकल. पहाटे मिलचा भोंगा झाला की खिडकीच्या गजांतून तो आवाज पोटात शिरायचा. मामाला मात्र त्या भोंग्याने जाग येत नसे. मामी त्यांच्या तळपायाला बोट लावायची, की उठलेच. मग चुलीवर चहा, शिळ्या भाकरीचा तिखट-मीठ लावलेला तुकडा, आणि दारातून मामीचा एक हात वर. तो हात म्हणजे डबा घेतला का, गुडघ्याला तेल लावलं का आणि लवकर या, असं सगळं एकदम असायचं. मला त्या घरात वर्षभरातच खुणा समजायला लागल्या, पण स्वतः करायची मात्र लाज वाटे. शाळेत शिकणारा पोट्टा मी, मला तोंड होतं. आता माझी नातवंडं एका खोलीत बसून एकमेकांना फोनवर निरोप पाठवतात आणि सून म्हणते, बाबा, काय जमाना आला. मला तो जमाना पूर्वीच भेटून गेला आहे.

मिलची फुटबॉलची टीम होती आणि मामा तिचे स्टॉपर होते. स्टॉपर म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध उभा राहणारा, मागच्या फळीचा मालक. त्यांच्या उजवीकडे गणपत, डावीकडे युसूफभाई. दोघंही साचेखात्यातलेच, दोघांचेही कान मामासारखेच. त्यामुळे या तिघांचा मैदानावरचा व्यवहारही साचेखात्यासारखाच चाले. समोरचा फॉरवर्ड आमच्या गोलजवळ दबा धरून उभा राहिला की मामा उजवा हात खांद्याशी नेऊन झटक्यात पुढे फेकत. ती खूण म्हणजे पुढे चला. की तिघं एका दमात चार पावलं पुढे. फॉरवर्ड बिचारा मागे एकटाच, आणि त्याला पास आला की रेफ्रीची शिट्टी, आपसाइड! म्हणजे ऑफसाइडचा फाउल, चेंडू आमचा. पालथा हात खाली दाबला तर थांबा. बस, एवढंच. गणपत आणि युसूफभाई चेंडूकडे कमी आणि मामाच्या हाताकडे जास्त पाहत. बाहेर बसलेली माणसं म्हणत, हे तिघं एकाच आईच्या पोटचे आहेत काय बाप्पा!

टीमवाल्यांना मिलमध्ये हलकी ड्यूटी असे. बाकीचे विणकर चार साच्यांवर आठ तास उभे, मामाला दोनच साचे, तेही दुपारच्या भोंग्यापर्यंत. मग प्रॅक्टिस. टीममधून नाव गेलं की हलकी ड्यूटीही गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मामाचा उजवा गुडघा तेव्हाच असा झाला होता की चाळीच्या तीन पायऱ्या चढताना ते भिंतीला हात लावत. मी शाळा संपवून त्याच मिलमध्ये बदलीवर लागलो होतो. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकावर कार्ड घेऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. पण टीमच्या अकरांत ज्याची जागा पक्की झाली त्याला पर्मनंट करत. आणि मला खेळायला येत होतं काय, तर एकच जागा, स्टॉपरची. शिकवली कोणी? मामांनीच. चौदाव्या वर्षापासून रोज सकाळी मला समोर उभं करून, अंगावर चेंडू मारून मारून. जागा एक, घर एक, आणि माणसं दोन. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं. मी समजत होतो की मामा आहेत तोवर मी राखीव आहे आणि मामा कायमच आहेत.

दसऱ्यानंतर टुर्नामेंटच्या सेमीफायनलची यादी फाटकाजवळच्या बोर्डावर लागली. पाळी सुटत होती, माणसांची रेटारेटी, सायकलींच्या घंट्या. मामा आणि मी बरोबरच बाहेर पडलो. मामाला वाचता येत नसे. पण यादीत वरून तिसरं नाव आपलं असतं आणि ते कसं दिसतं, हे त्यांना डोळ्यांनी पाठ होतं. ते बोर्डासमोर उभे राहिले. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या, चौथ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाच गा, तिसरं कोणाचं लिवलं?"

मी वाचलं होतं आधीच. तिसरं नाव माझं होतं. मी सांगितलं, पण त्या गलक्यात त्यांना काय ऐकू येणार? "आं?" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं बोल नं!" आता मोठ्यानं कसं बोलू? मागे शंभर माणसं उभी, सगळी ओळखीची. मी घरात कधी खूण केली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा केली. बोट उचलून स्वतःच्या छातीवर ठेवलं. मामा माझ्या बोटाकडे पाहत राहिले. मग मान हलवली, बरं असं म्हणाले आणि सायकल काढायला गेले. रस्ताभर ते पुढे, मी मागे. मला आनंद झाला होता की चोरी केल्यासारखं वाटत होतं, खरंच सांगता येत नाही. दोन्ही एकदम होत होतं.

मॅचच्या दिवशी मामी मामांना दोन उकडलेली अंडी द्यायची. एरवी आमच्या घरात अंड्याचं नाव नव्हतं, तो मान फक्त मॅचचा. त्या सकाळी तिने अंडी उकडली आणि ताटली हातात घेऊन चुलीजवळ उभीच राहिली. मामाकडे पाहते, माझ्याकडे पाहते. शेवटी ताटली दोघांच्या मधोमध ठेवून ती बाहेर नळावर निघून गेली, पाण्याची वेळ नसताना. मामांनी ताटली माझ्याकडे सरकवली. मी परत त्यांच्याकडे. त्यांनी पुन्हा माझ्याकडे. असं तीन वेळा झालं असेल. मग मी एक खाल्लं, दुसरं तसंच राहिलं. दुपारी ते शेजारच्या पोरीने उचललं म्हणतात.

आणि निघताना मामा माझ्या पाया पडले. जो वाचक आमच्याकडचा नाही त्याला हे सांगायला हवं. आमच्या भागात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला देवाच्या जागी मानतात. सणावाराला, गावाला जाताना, मामा वाकायचेच. मला त्याची इतकी सवय होती की मी पाय पुढे करून दुसरीकडे बघत उभा राहायचो. पण त्या दिवशी ते एका हाताने भिंत धरून, तो गुडघा कसाबसा वाकवून खाली गेले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ही रीत म्हणून पडले, की आशीर्वाद मागितला, की माझी थट्टा केली? वर आले तेव्हा तोंड नेहमीसारखंच. "जोरात खेळ," म्हणाले. "गणप्याले सांभाळ, तो उजवीकडं जास्त वाहावतो." मी हव म्हणत मान डोलावली.

मॅच दुसऱ्या एका मिलच्या टीमशी. मैदानाला दोर बांधलेला, बाहेर दोन्ही मिलची माणसं दाटीवाटीने. मामा आमच्या बाकावर, राखीव खेळाडूंच्या शेजारी. खेळाचे सेक्रेटरी बक्षीसाहेब आधीच मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हे बघ, ते हातवारे आता पुरे. मूकबधिरांची शाळा वाटते आपली टीम. तू शिकलेला आहेस, तोंडाने बोल, ऑर्डर दे." मला ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी पहिल्या मिनिटापासून घसा फोडून ओरडत होतो, "पुढे! थांबा! युसूफभाई, डावीकडे!" आणि ते दोघं माझ्याकडे ढुंकून पाहत नव्हते. मला वाटलं, मुद्दाम करून राहिले. जळतात माझ्यावर. हाफटाइमला संत्री वाटली तेव्हा मी युसूफभाईंच्या अंगावर गेलो, "मेरा सुनते काहेकू नही?" ते फोड चोखत शांतपणे म्हणाले, "तू कुछ बोला क्या?" मला तो टोमणा वाटला. आज कळतं की तो साधा प्रश्न होता. अर्ध्या बहिऱ्या माणसाला वीस हातांवरून ओरडून सांगणारा मूर्ख मीच होतो, आणि तेही त्यांच्यात पाच वर्षं राहून!

एक-एक गोल झालेला, शेवटची दहाएक मिनिटं उरली होती. त्यांचा फॉरवर्ड माझ्या पाठीमागे घुटमळत होता. चेंडू मधून येताना दिसला. मी ओरडलो, "थांबा!" आणि स्वतः थांबलो. पण गणपत आणि युसूफभाई दोघंही त्याच क्षणी चार पावलं पुढे धावले, दोघं एकदम, जसे वर्षानुवर्षं धावत आले तसे. मी एकटाच मागे राहिलो. मी मागे राहिलो म्हणून तो फॉरवर्ड आपसाइड झाला नाही. त्याने चेंडू घेतला, माझ्या अंगावरून काढला आणि गोलमध्ये मारला. आमच्या दैवाने पुढच्या हल्ल्यात आम्हीही एक गोल केला, दोन-दोन झाले, आणि मॅच पुढच्या रविवारी पुन्हा खेळायची ठरली. पण माझं तोंड काळं व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी गणपतची कॉलर धरली, "काहून पळाला बे?" तो गोंधळून म्हणाला, "कॅप्टननं हात केला नं." कुठला कॅप्टन? त्याने बाकाकडे बोट दाखवलं. तिथे मामा बसले होते.

म्हणजे बाकावरून मामांनी खूण केली होती. माझी पाठ होती, मी पाहिली नाही. पण गणपतने पाहिली, युसूफभाईंनी पाहिली, दोराबाहेरच्या अर्ध्या मिलने पाहिली. आणि त्यांची खूण बरोबर होती! मी त्या दोघांबरोबर पुढे गेलो असतो तर आपसाइडच होता तो. फाटकापर्यंत येता येता दोन पक्ष पडले. एक म्हणे, मामाने भाच्याचा काटा काढला. दुसरा म्हणे, पोट्ट्याने म्हाताऱ्याचं ऐकलं नाही, भोग आता. दोन्ही बाजूंचं मला खरं वाटत होतं, एकाच वेळी.

संध्याकाळी जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती, तर्री वर तरंगणारी, आणि कोणी तिला हात लावत नव्हतं. शेवटी मामा म्हणाले, तोंडाने म्हणाले, "काहून थांबला गा तू? सोपा आपसाइड होता."

माझा तोल गेला. "तुम्ही काहून हात केला? स्टॉपर मी होतो नं?"

"कोणी हात केला?"

"तुम्ही!" मी ओरडलो, आणि शिवाय उजवा हात खांद्याशी नेऊन पुढे फेकून दाखवला.

मामा माझ्या हाताकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे. "म्या?" म्हणाले. "मी तं बसून होतो." मग मामीकडे वळले, "मी हात केला काय वं?" मामी तर मैदानावर नव्हतीच. पण ती म्हणाली, "झोपेतबी करता तुम्ही. माह्या थोबाडावर बसते कधीकधी." हे बोलून ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. मामा बराच वेळ हात उलटसुलट करून पाहत होते, दुसऱ्याच कोणाची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखे. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. आणि लगेच दुसरं वाटलं, की इतक्या वर्षांचा स्टॉपर, समोरच्याला फसवणं हेच ज्याचं काम, त्याला चेहरा करता येत नसेल होय?

दुसऱ्या दिवशी बक्षीसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. पंखा चालू होता, टेबलावर त्याच यादीचा कोरा कागद. ते रागावलेले नव्हते, तेच वाईट. "मला एवढंच सांग," म्हणाले, "तुझ्या मामाने बाहेरून खुणा केल्या का? केल्या असतील तर त्यांना मैदानात बसू देणार नाही, आणि रविवारी तूच खेळशील. केल्या नसतील तर चूक तुझी. मग मला यादी पुन्हा लिहावी लागेल." मी म्हणालो, माझी पाठ होती. "ते माहीत आहे. हो की नाही?"

मला पुष्कळ उत्तरं देता आली असती. चूक माझी, मी थांबलो, असं म्हणता आलं असतं. मामांचं नाव परत तिसरं लागलं असतं आणि तो गुडघा अजून एक सीझन दोन साच्यांवर निभला असता. किंवा असं सांगता आलं असतं की त्यांनी केलं ते न कळत केलं. मी काल रात्रीच त्यांचा चेहरा पाहिला होता ना! पण माझ्या डोळ्यांसमोर फाटकावरची ती बदलीवाल्यांची रांग आली. मी म्हणालो, "गणपत म्हणतो, केली." बघा कसा शहाणा. आपल्या तोंडाने आरोप नाही, गणपतच्या तोंडाने. बक्षीसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाले. चाळीस वर्षं झाली असतील, पण त्या पाच मिनिटांची मला आजही लाज वाटते. आणि खरं सांगायचं तर पुन्हा तिथे उभं केलं तर मी काय बोलेन, याची खात्री नाही.

मामांना निरोप मिळाला की रविवारी बाकावर बसायचं नाही. कोणामुळे, हे त्यांना सांगितलं गेलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. मात्र त्या दिवसापासून घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मामा खुणा करेनासे झाले. जेवताना डावा हात मांडीखाली, उजवा ताटात, आणि तोंडाने बोलणं. "भाकर दे." "पाणी दे." ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याचं बोलणं कसं असतं, एकदम मोठं, मधेच एकदम लहान. शेजारची बाई डोकावून गेली, काय झालं म्हणून. मामी खुणेने उत्तर द्यायची आणि ते मान फिरवायचे. तिसऱ्या दिवशी ती पदर तोंडाला लावून चुलीशी बसली होती. मला म्हणाली, "काय बोललं रे कोणी यायले? पंधरा वर्सांत माह्याशी असं नाही बोलले." मी म्हटलं, मले काय माहीत मामी. आणि सायकल घेऊन प्रॅक्टिसला पळालो.

प्रॅक्टिसला युसूफभाईंना गाठलं. "मैं क्या करूं?" ते म्हणाले, "चिल्लाना छोड. हाथ दिखा. कान नही है हमारे पास, आंख है." मी हात दाखवला. गणपत हसायला लागला, म्हणाला, "असा नाही गा, माशी हाकलून राहिला काय?" मग ते दोघंही मला शिकवू लागले, खांदा कुठे, कोपर कुठे, केव्हा. जे मला घरात वर्षानुवर्षं फुकट मिळत होतं आणि मी लाजेने उचललं नव्हतं, ते मी चार संध्याकाळी मैदानावर शिकलो. घरी ज्याच्याकडून शिकायचं तो हात मांडीखाली घालून बसला होता.

रविवारी मी निघालो तेव्हा मामा घरात नव्हते. पाया पडणं राहिलं, आणि मला बरं वाटलं. मैदानावर पोचलो, वॉर्मअप झाला, शिट्टी झाली. पहिल्याच हल्ल्याला गणपत आणि युसूफभाईंचे डोळे सवयीने बाकाकडे गेले. बाक रिकामा. मग त्यांचे डोळे दोरावरून शोधत फिरले आणि एका जागी थांबले. मीही तिकडे पाहिलं. मामा आले होते. दोराबाहेर, इतर माणसांच्या पुढे, जमिनीवर बसलेले. आणि दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली घालून ठेवले होते. हाताच्या पंजांवर बसले होते माणसाने पाटावर बसावं तसे.

गणपतने पाहिलं, युसूफभाईंनी पाहिलं. मनगटाखाली पंजेच दिसत नव्हते तिथे. क्षणभर ते दोघं मेळ्यात हरवलेल्या पोरांसारखे उभे राहिले. आणि मग पहिल्यांदा, मॅचमध्ये पहिल्यांदा, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात खांद्याशी नेला आणि पुढे फेकला. तिघं चार पावलं पुढे. शिट्टी. आपसाइड! दोराबाहेर गलका उठला. त्यानंतर सगळी मॅच तशीच झाली. ते माझ्या हाताकडे पाहत होते आणि मी अधूनमधून दोराकडे. मामा हलले नाहीत. दोनदा तर असा प्रसंग आला की त्यांचा खांदा उडाला, सगळं अंग पुढे झेपावलं, पण हात मांडीखालून सुटले नाहीत. हाफटाइमला कोणीतरी त्यांच्यापुढे संत्र धरलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. आम्ही एक-शून्यने जिंकलो. आमच्यावर गोल झाला नाही.

मला खांद्यावर घेत होते लोक. मी उतरलो आणि दोराकडे धावलो. मामा अजून बसलेलेच. सगळी माणसं उठून टाळ्या वाजवत होती, हे तसेच. "मामा, झाली मॅच," मी म्हटलं. ऐकू गेलं नाही. खाली बसून त्यांच्या कोपरांना धरून मी हात बाहेर काढले. पंजे पांढरे पडले होते, खालच्या खड्यांचे वण उमटलेले. बोटं वळत नव्हती. मी ती चोळू लागलो. मला रडू येत होतं, आणि कशाचं ते कळत नव्हतं, जिंकल्याचं की कशाचं. मग मला वाटलं की आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी म्हटलं, "मामा, बक्षीसाहेबाले मी सांगतलं होतं." ते माझ्या ओठांकडे बघत होते. "आं?" म्हणाले. भोवती तीच सगळी माणसं. मोठ्याने बोलण्याची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मी त्यांचे हात सोडले आणि खुणेने सांगितलं. बोट माझ्या छातीवर. मग माझ्या तोंडावर. मग गळ्याशी टायची गाठ केली, बक्षीसाहेब. आणि मग बोट त्यांच्याकडे.

त्यांनी सगळं नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी उत्तर द्यायला हात उचलला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि त्यांनी बोटांनी काहीतरी केलं. पण बोटं बधिर होती, दोन सरळ झालीच नाहीत, मधलं भलतीकडेच वळलं. ती खूण काय होती, मला समजली नाही. माहीत होतं, असं असू शकतं. जाऊ दे, असं असू शकतं. तू माझा कोणी नाहीस, असंही असू शकतं. मी पुन्हा करा म्हणालो नाही. त्यांनीही पुन्हा केली नाही, माझा खांदा धरून उठले आणि गुडघा सरळ होईपर्यंत तसेच धरून उभे राहिले.

सोमवारी सकाळी ते चार साच्यांवर रुजू झाले आणि मी पर्मनंटच्या कागदावर सही केली. घरात मामीशी त्यांच्या खुणा पुन्हा सुरू झाल्या. माझ्याशी मात्र ते शेवटपर्यंत तोंडानेच बोलले.